दाब, ठिणगी आणि पेट्रोल

१९६१ साली अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ‘कब कॅडेट’ नावाचा एक लहानसा ट्रॅक्टर बाजारात आणला. तो शेतकऱ्यासाठी नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांच्या बाहेर नव्या वस्त्या वसत गेल्या. तिथे अनेकांच्या घराभोवती अर्धा-एक एकर मोकळी जागा होती. आठवडाभर नोकरी करायची आणि शनिवारी हिरवळ कापायची, भाजीचे वाफे नांगरायचे, हिवाळ्यात दारातला बर्फ लोटायचा, असं हे गिऱ्हाईक. त्याला शेतीचा ट्रॅक्टर अवजड होता आणि हाताने ढकलायचं गवत कापायचं यंत्र अपुरं पडत होतं. या मधल्या जागेत ‘गार्डन ट्रॅक्टर’ जन्माला आला. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी युद्ध संपल्यावर लगेचच ‘व्हील हॉर्स’ची सुरुवात झाली होती. विस्कॉन्सिनमधून जॉन डिअर कंपनीचा ‘११०’ १९६३ मध्ये आला. कब कॅडेट या दोघांच्या मधला.

तो केंटकी राज्यातल्या लुइव्हिलच्या कारखान्यात बने. युद्धकाळात तिथे विमानं तयार होत. युद्धानंतर हार्वेस्टरने तो कारखाना घेतला आणि १९४७ पासून तिथे ‘फार्मॉल कब’ हा छोट्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बनू लागला. कब कॅडेटच्या गिअरबॉक्सची घडण याच फार्मॉल कबच्या धर्तीची आहे. म्हणजे बागेसाठी म्हणून विकलेल्या यंत्राच्या पोटात शेतीचे गिअर होते. इंजिन मात्र बाहेरचं, कोहलर कंपनीचं. नळ आणि बेसिनमुळे हे नाव आज पुण्या-मुंबईच्या न्हाणीघरांत पोचलेलं आहे. विस्कॉन्सिनमधल्या या कंपनीने १८८३ मध्ये लोखंडी द्रोणाला मुलामा चढवून बाथटब विकला आणि १९२० मध्ये विजेचे जनरेटर संच बनवायला घेतले. त्यातून तिचा इंजिनांचा धंदा उभा राहिला. कब कॅडेटच्या पहिल्या मॉडेलमध्ये, ज्याला आज ‘ओरिजिनल’ म्हणतात, कोहलरचं के-१६१ इंजिन आहे : एकच सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, हवेने थंड होणारं, २६६ सीसीचं, मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर ७ अश्वशक्ती देणारं.

साठ वर्षांपूर्वीचे हे ट्रॅक्टर अजून गोठ्यांत, गॅरेजांत, कुंपणाच्या कडेला सापडतात. त्यातले बरेचसे पुन्हा चालू होतात. यामागे नशीब किंवा मालकाचा जिव्हाळा असतो असं वाटतं, पण खरं कारण रचनेत आहे. या इंजिनाचा प्रत्येक भाग दुसऱ्यापासून वेगळा काढून तपासता येतो. पेट्रोल इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात : सिलिंडरमध्ये दाब, योग्य क्षणी ठिणगी आणि हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण. या तिन्हींची परीक्षा या यंत्रात स्वतंत्रपणे घेता येते, आणि एकीचा निकाल दुसरीत मिसळत नाही. जुनं यंत्र चालू करण्याची सगळी विद्या या वेगळेपणाचा फायदा घेण्यात आहे.

स्टार्टर मारण्याआधी

ट्रॅक्टर घरी आला की पहिला मोह होतो तो बॅटरी जोडून स्टार्टर मारून पाहण्याचा. तो टाळायचा. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल केव्हाच ओघळून गेलेलं असतं. कोरड्या भिंतीवरून गंजाचे कण घेऊन पिस्टनच्या रिंगा घासल्या, तर जे सिलिंडर तेल टाकून वाचलं असतं त्यावर ओरखडे पडतात आणि ते बोअर करावं लागतं.

आधी ओळख पटवायची. ट्रॅक्टरचा क्रमांक वेगळा आणि इंजिनाचा वेगळा. कोहलरच्या पत्र्यावरच्या पट्टीवर मॉडेल, स्पेसिफिकेशन आणि सिरिअल असे तीन क्रमांक असतात. सुटे भाग मागवायचे ते या क्रमांकांवरून, ट्रॅक्टरच्या नावावरून नव्हे. कारण इतक्या वर्षांत कुणीतरी इंजिन बदललेलं असण्याची शक्यता बरीच असते. के-मालिकेतली १०, १२ आणि १४ अश्वशक्तीची मोठी इंजिनं बाहेरून सारख्याच चेहऱ्याची आहेत, पण त्यांची मापं वेगळी. त्यातल्या काहींच्या पोटात थरथर कमी करणारे बॅलन्स गिअर आहेत. ते तुटले तर ब्लॉकच फोडतात, म्हणून जाणकार दुरुस्तीच्या वेळी ते काढून टाकतात. आपल्या हातात कोणतं इंजिन आहे हे न कळता पाना उचलण्यात अर्थ नाही.

मग इंजिनावरचं पत्र्याचं आवरण काढायचं. फ्लायव्हीलला पाती असतात, ती पंख्यासारखी हवा ओढतात आणि हे आवरण ती हवा सिलिंडरच्या पंखांवरून नेतं. अमेरिकेतल्या उभ्या ट्रॅक्टरांत या आवरणाखाली उंदराचं घरटं हमखास मिळतं. गवत, चिंध्या, कापूस यांनी पंख बुजलेले असले, तर असं इंजिन सुरू होतं, थोडा वेळ चालतं आणि तापून पिस्टन धरतं. घरटं कोरडं झाडायचं नाही, त्यावर हवेचा झोतही मारायचा नाही. तिथल्या रानउंदरांच्या लघवी-लेंड्यांतून हंता विषाणूचा संसर्ग होऊ शकतो. ब्लीचच्या पाण्याने भिजवून, काही मिनिटं थांबून, हातमोजे घालून ते उचलायचं. ब्रेक आणि क्लचची जुनी अस्तरं बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसची असतात. त्यांची धूळही ओलीच पुसायची.

पहिला प्रश्न : दाब

स्पार्क प्लग काढायचा आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पाहायचं. फिरलं तर उत्तमच. न फिरलं तर इंजिन जाम आहे. बहुतेक वेळा याचं कारण साधं असतं. इंजिन थांबताना एखादा वॉल्व्ह उघडा राहतो, त्यातून दमट हवा आत जाते आणि बिडाच्या भिंतीवर गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे रिंग आणि भिंत यांच्यामधली फट भरून जाते आणि पिस्टन अडकतो.

याला औषध वेळ. प्लगच्या भोकातून गंज सोडवणारं तेल ओतायचं आणि थांबायचं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळून वापरण्याचा रिवाज मेकॅनिकांमध्ये आहे. अ‍ॅसिटोन तेलाला पातळ करून बारीक फटीत नेतं आणि उडून जातं, तेल मागे राहतं. रोज थोडं तेल घालायचं आणि फ्लायव्हील दोन्ही दिशांना हलकेच डुलवायचं. केसाएवढं हललं तरी पुरे, उद्या आणखी हलेल. फ्लायव्हीलच्या पात्यांत पहार घालून जोर लावला की पातं तुटतं, आणि तुटलेल्या पात्याचं फ्लायव्हील तोल जाऊन इंजिन हादरवत राहतं.

एवढं करूनही सुटलं नाही तर हेड काढायचं. इथे या जुन्या रचनेची किंमत कळते. के-१६१ हे साइड-वॉल्व्ह इंजिन आहे. दोन्ही वॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्ये उभे असतात आणि हेड म्हणजे फक्त पंख असलेलं झाकण. त्यात वॉल्व्ह नाहीत, रॉकर नाहीत, साखळी नाही. बोल्ट सोडले की झाकण हातात येतं आणि पिस्टन, भिंत, वॉल्व्हची तोंडं सगळं उघड्यावर दिसतं. आणखी एक फायदा म्हणजे वॉल्व्ह उघड्या अवस्थेत चिकटला, तरी तो पिस्टनच्या वाटेत येत नाही. आजच्या बऱ्याच इंजिनांत असा चिकटलेला वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतो. इथे फक्त दाब जातो, आणि तेल घालून दांडा वरखाली केला की बहुधा परतही येतो. साइड-वॉल्व्ह रचना पेट्रोल जास्त खाते आणि शक्ती कमी देते, म्हणून मोटारींनी ती सोडली. पण दुरुस्तीच्या दृष्टीने तिच्याइतकी मोकळी रचना दुसरी नाही.

इंजिन फिरू लागलं की दाब किती आहे ते पाहायचं. इथे एक फसगत संभवते. या मालिकेतल्या बऱ्याच इंजिनांत सुरू करताना इंजिन हलकं फिरावं म्हणून कॅमशाफ्टमध्ये मुद्दाम दाब सोडण्याची सोय केलेली असते. त्यामुळे गेजवरचा आकडा चांगल्या इंजिनातही कमी येतो आणि नवखा माणूस उगाचच रिंगा बदलायला घेतो. सोपी चाचणी अशी : फ्लायव्हील नेहमीच्या उलट दिशेने झटक्यात फिरवायचं. दाब ठीक असेल तर ते उसळी मारून परत येतं.

याहून पक्की चाचणी कॉम्प्रेसरची. दोन्ही वॉल्व्ह बंद असतील अशा जागी पिस्टन वर आणायचा, फ्लायव्हील घट्ट धरून ठेवायचं आणि प्लगच्या भोकातून हवा सोडायची. मग कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह गळतो, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, आणि क्रँककेसच्या श्वासनळीतून आली तर रिंगा. काहीही न खोलता दोष कुठे आहे ते कळतं.

वॉल्व्ह गळत असतील तर बारीक पेस्ट लावून ते सीटवर घासून बसवायचे आणि टॅपेटची फट मोजायची. थंड इंजिनात इनटेकला ०.००६ ते ०.००८ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१५ ते ०.०१७ इंच. एक्झॉस्टला दुपटीहून जास्त, कारण जळालेला वायू त्याच्यावरून जातो आणि त्याचा दांडा तापून जास्त लांबतो. के-१६१ मध्ये ही फट जुळवायला स्क्रू नाही. वॉल्व्ह घासला की तो सीटमध्ये खोल बसतो, फट कमी होते, आणि मग दांड्याचं टोक थोडं थोडं घासून ती परत मिळवावी लागते. घासलेला धातू परत येत नाही, म्हणून प्रत्येक घासणीनंतर फिलर गेज. सिलिंडरची झीजही मोजूनच ठरवायची. वर, मध्ये आणि खाली, आडवं आणि उभं असं माप घ्यायचं. मर्यादेपलीकडे झिजलं असेल तर बोअर करून ०.०१०, ०.०२० किंवा ०.०३० इंच मोठा पिस्टन घालता येतो. म्हणजे कंपनीने कारखान्यातच गृहीत धरलं होतं की हे इंजिन पुन्हापुन्हा खोललं जाणार आहे.

दुसरा प्रश्न : ठिणगी

ठिणगीची साखळी छोटी आहे : बॅटरी, चावीचा स्विच, कॉइल, पॉइंट (उघडझाप होणारी संपर्कांची जोडी), कंडेन्सर, प्लग. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून १२ व्होल्टचा प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा दाब उमटतो. तो प्लगच्या फटीत उडी घेतो. कंडेन्सरचं काम पॉइंटवर ठिणगी पडू न देण्याचं. तो बिघडला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवर पडते आणि पॉइंट जळून काळे होतात.

उभ्या ट्रॅक्टरात ठिणगी नसण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे पॉइंटवर चढलेला ऑक्साइडचा पातळ थर. डोळ्याला पॉइंट स्वच्छ दिसतात, पण १२ व्होल्टला तो थर भेदता येत नाही. बारीक कानस फिरवायची आणि मग सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला कोरा कागद पॉइंटमध्ये धरून ओढायचा. पॉलिश पेपरची बारीक खडी पॉइंटमध्ये रुतून बसते, म्हणून तो टाळलेला बरा. कोहलरच्या रचनेत पॉइंट फ्लायव्हीलखाली दडलेले नाहीत. ते ब्लॉकच्या बाहेरच्या बाजूला एका छोट्या झाकणाखाली असतात आणि कॅमशाफ्टवरून येणारी दांडी त्यांना ढकलते. दोन स्क्रू काढले की पॉइंट समोर. त्यांची सुरुवातीची फट ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर.

यानंतर टायमिंग. फ्लायव्हीलच्या कडेला दोन खुणा असतात. ‘टी’ म्हणजे पिस्टन सर्वांत वर, आणि ‘एस’ किंवा ‘एसपी’ म्हणजे ठिणगीची जागा, पिस्टन वर पोचण्याच्या २० अंश आधी. आधी का, याचं उत्तर हिशेबात आहे. ३६०० फेऱ्यांवर एक फेरी सेकंदाच्या साठाव्या भागात पुरी होते. त्यातले २० अंश म्हणजे हजारांश सेकंदापेक्षाही किंचित कमी वेळ. मिश्रण एका क्षणात जळत नाही, ज्योतीला सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो. ठिणगी आधी टाकली तरच पिस्टन खाली निघताना दाब ऐन भरात असतो.

टायमिंग जुळवायला महागडं उपकरण लागत नाही. कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकापासून ट्रॅक्टरच्या सांगाड्यापर्यंत एक छोटा बल्ब जोडायचा आणि चावी चालू करायची. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहतो, उघडले की पेटतो. फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवत न्यायचं. खूण खिडकीत येते त्याच क्षणी बल्ब पेटायला हवा. पुढेमागे होत असेल तर पॉइंटची फट किंचित कमीजास्त करायची. पूर्ण वेगात हे पॉइंट सेकंदाला ३० वेळा, तासाला एक लाखाहून जास्त वेळा उघडतात. म्हणून ते झिजतात, आणि म्हणूनच ते स्वस्त आणि बदलता येण्याजोगे ठेवले होते. इंजिनांची ही मालिका बंद होऊन काळ लोटला, तरी पॉइंट, कंडेन्सर, रिंगा, गॅस्केट आजही नवे बनून मिळतात.

वायरिंगमध्ये आणखी एक वेगळेपण आहे. विजेवर सुरू होणाऱ्या बऱ्याच जुन्या गार्डन ट्रॅक्टरांत स्टार्टर आणि डायनॅमो एकच असतो. इंजिनाला पट्ट्याने जोडलेली ही मोटर आधी इंजिन फिरवते आणि मग इंजिनच तिला फिरवून बॅटरी चार्ज करून घेतं. पट्टा ढिला असेल तर इंजिन फिरत नाही आणि बॅटरीही भरत नाही. बॅटरीला दोष देण्याआधी पट्टा पाहायचा, आणि सांगाड्याला जोडलेली अर्थची जागा घासून लखलखीत करायची.

तिसरा प्रश्न : पेट्रोल

पेट्रोल टिकाऊ नाही. त्यातले काही हायड्रोकार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि चिकट डिंक तयार होतो. हलका भाग उडून जातो, उरलेलं तांबूस वार्निश कार्ब्युरेटरच्या तळाशी आणि जेटच्या भोकांत सुकतं. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल वेगळा त्रास देतं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि जुने रबरी भाग फुगवतं. अमेरिकेत दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळतं आणि भारतात आता वीस टक्क्यांचं. त्यामुळे जुन्या नळ्या, वॉशर आणि सील बदलताना इथेनॉल सोसणारेच घ्यावे लागतात.

कार्ब्युरेटर पूर्ण खोलायचा : फ्लोट, सुई, जेट, चोक. फ्लोट हलवून आत पेट्रोल शिरलेलं नाही ना हे पाहायचं. प्रत्येक छिद्रातून हवा आरपार जाते का ते तपासायचं. जेटच्या भोकात तार घालायची नाही, कारण भोक किंचित मोठं झालं तरी मिश्रणाचं प्रमाण कायमचं बिघडतं. जोडल्यावर मिश्रणाचे स्क्रू बोटांच्या जोरानेच हलके टेकेपर्यंत फिरवायचे आणि मग मुख्य स्क्रू सुमारे दोन आटे मागे घ्यायचा. ही फक्त सुरुवात. नेमकं स्थान इंजिन तापल्यावर कानाने ठरतं.

टाकीत गंज असतोच. गंजलेली टाकी नुसती धुऊन भरली, तर गंजाचा चुरा काही तासांत पुन्हा जेटपाशी येतो. लोखंडी भागांसाठी उत्तम उपाय विजेचा आहे. प्लास्टिकच्या टबात पाणी घ्यायचं, चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा टाकायचा. गंजलेला भाग १२ व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडायचा. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. काही तासांत गंज सुटून काळा थर उरतो, तो ब्रशने निघतो, आणि चांगला धातू जसाच्या तसा राहतो. मात्र यात हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर करायचं. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. अ‍ॅल्युमिनियमचे भाग या टबात घालायचे नाहीत, सोड्यात ते खाल्ले जातात. आणि पेट्रोलची टाकी आधी साबणाच्या पाण्याने पुन्हापुन्हा धुऊन वास पूर्ण गेल्याशिवाय तिच्याजवळ वीज न्यायची नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते.

पहिल्या आवाजाच्या आधी दोन गोष्टी

दाब आहे, ठिणगी आहे, पेट्रोल येतंय. तरीही चावी फिरवण्याआधी तेल आणि गव्हर्नर पाहायचे.

या इंजिनात तेलाचा पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक चमचा असतो. तो प्रत्येक फेरीला तेलात बुडतो आणि तेल चहूकडे उडवतो, एवढंच वंगण. तेल थोडं कमी पडलं किंवा ट्रॅक्टर तिरक्या उतारावर फार वेळ उभा राहिला, की चमचा कोरडा फिरतो. रॉड अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि क्रँकवर थेट बसतो, मध्ये वेगळं बेअरिंग नाही. वंगण संपलं की सगळ्यांत आधी तोच जातो. म्हणून जुनं तेल काढून एसएई-३० तेल खुणेपर्यंत भरायचं, आणि पहिल्या तासाभराच्या चालण्यानंतर तेही गरम असतानाच बदलायचं. सैल झालेली सगळी घाण त्याच्याबरोबर बाहेर येते.

गव्हर्नर इंजिनाला ३६०० फेऱ्यांच्या वर जाऊ देत नाही. के-१६१ मध्ये पिस्टनचा प्रवास ६३.५ मिलिमीटरचा आहे आणि पूर्ण वेगात तो सेकंदाला १२० वेळा थांबून दिशा बदलतो. दर वेळी त्याला थांबवून परत खेचायचं काम रॉड करतो आणि हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३६०० ऐवजी ५००० फेऱ्या झाल्या तर ताण जवळजवळ दुप्पट. रॉड तुटला की तो ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो, आणि मग दुरुस्तीचा विषयच संपतो. बंद इंजिनात वेगाचा दांडा पूर्ण पुढे केला की थ्रॉटल पूर्ण उघडायला हवा. तो हाताने मिटून सोडला की आपोआप परत उघडायला हवा. कुठे अडकत असेल तर इंजिन सुरू करायचं नाही.

सुरू करायचं ते उघड्यावर, जवळ अग्निशामक ठेवून आणि बंद करण्याचा दुसरा मार्ग तयार ठेवून. कार्ब्युरेटरचं तोंड झाकायला एक फळी हाताशी असली तर पळत सुटलेलं इंजिनही गुदमरून थांबतं. पहिला निळा धूर घाबरण्यासारखा नसतो. जाम सोडवायला ओतलेलं तेल जळतं, आणि काही मिनिटांत धूर विरला तर रिंगा ठीक आहेत.

चाकं, ब्रेक आणि रंग

बाकी ट्रॅक्टर मुकाट्याने काम करणारा आहे. गिअरबॉक्सचं तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलेलं आहे; ते काढून, धुऊन, नवं भरायचं. ओरिजिनल मॉडेलमध्ये इंजिनाची ताकद पट्ट्याने गिअरबॉक्सकडे जाते. १९६३ नंतरच्या मॉडेलांत तिथे सरळ शाफ्ट आला. पट्टा तडकलेला असेल तर बदलायचा आणि पुल्या एका रेषेत आहेत का ते पाहायचं. पुढच्या धुऱ्याची पिन आणि स्टिअरिंगचे सांधे झिजून चाकं डगमगतात. ग्रीस निपल पुसून जुनं वाळलेलं ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवं भरायचं.

एका बाबतीत मात्र जुन्याची जपणूक करायची नाही. या ट्रॅक्टरांत सीटवरून माणूस उठला की गवत कापायची पाती थांबवणारा स्विच नाही, आणि पट्ट्यांवर पुरेसं झाकणही नाही. असा स्विच आणि झाकणं बसवली तर ट्रॅक्टरचं जुनेपण कमी होत नाही. ब्रेक धरतो याची खात्री झाल्याशिवाय गवत कापायची पाती जोडायची नाहीत.

रंगाचा निर्णय सगळ्यांत शेवटी. कब कॅडेटचा पिवळा-पांढरा रंग नव्याने देता येतो, पण त्या काळच्या यंत्रांच्या रंगांत शिसं सर्रास असे. कोरडं घासलं की त्याची धूळ फुप्फुसात आणि कपड्यांबरोबर घरात जाते. ओलं घासायचं, मुखवटा घालायचा आणि पोरांना लांब ठेवायचं. पुष्कळ जण मूळ रंग आहे तसा ठेवून त्यावर नुसतं तेल पुसतात. चालण्याच्या दृष्टीने फरक काहीच पडत नाही.

चालू कशाला म्हणायचं

१९६३ मध्ये याच इंटरनॅशनल हार्वेस्टरने महिंद्र आणि व्होल्टास यांच्याबरोबर भारतात ट्रॅक्टर बनवण्यासाठी भागीदारी केली. त्यातून आलेला बी-२७५ महाराष्ट्रातल्या शेतांत पिढ्यांनी पाहिला. त्याचं डिझेल इंजिन वेगळं, आकार वेगळा, काम वेगळं. पण तालुक्याच्या गावातला मेकॅनिक तो खोलतो तेव्हा याच पद्धतीने खोलतो : आधी एक गोष्ट बाजूला काढून तिची परीक्षा, मग दुसरी. त्या काळच्या ट्रॅक्टरांत ही सोय होती, कारण विकणाऱ्यालाही ठाऊक होतं की दुरुस्ती कारखान्यापासून लांब, हाताशी असलेल्या पान्यांनी होणार. ज्या यंत्रात ठिणगी आणि इंधन यांचं नियंत्रण एकाच बंद डबीत असतं, तिथे दोष शोधायला ती डबी वाचणारं दुसरं यंत्र लागतं, आणि ते मिळेनासं झालं की चांगलं इंजिनही भंगारात जातं.

म्हणून जुना ट्रॅक्टर चालू झाला असं कधी म्हणायचं, याची कसोटीही त्याच तीन प्रश्नांनी ठरते. थंड इंजिन एकदा पेटलं म्हणजे काम झालं असं नाही. थंड असताना वॉल्व्हची कमी पडलेली फट लपून राहते, कॉइलची जुनी तार निमूट प्रवाह वाहते आणि कंडेन्सर शाबूत वाटतो. गवत उंच असेल अशा जागी तासभर काम करून घ्यायचं, इंजिन बंद करायचं, दहा-पंधरा मिनिटं उष्णता आतवर मुरू द्यायची आणि पुन्हा चावी फिरवायची. तापलेला वॉल्व्ह नीट मिटला नाही तर दाब मिळणार नाही, तापलेली कॉइल दुबळी असेल तर ठिणगी पडणार नाही, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळत असेल तर मिश्रण जुळणार नाही. गरम असताना तो पहिल्या झटक्यात सुरू झाला, तर तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. मग मापं वहीत लिहून ठेवायची, हिवाळ्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करायचे, आणि पुढच्या मोसमात त्याला कामाला लावायचं.